स्कार्लेट पेंटब्रशचं बियाणं: पाकीट चोख, माहितीपत्रक अर्धवट

स्कार्लेट पेंटब्रश (कॅस्टिलेजा कॉक्सिनिया) हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या गवताळ माळांवरचं रानफूल. तिथल्या देशी बियांच्या एका छोट्या विक्रेत्याच्या पाकिटाबद्दल हे लिहितोय.

बियाणं चोख आहे. दाणा जेमतेम धुळीइतका, त्यामुळे भिंग हवंच. दहापट भिंगातून प्रत्येक दाण्याभोवती सैल, जाळीदार आवरण दिसतं. आत तपकिरी गर दिसला तर बी भरलेलं, जाळी आरपार दिसली तर पोचट. या पाकिटात पोचट बी नावालाच आहे. बी कागदाच्या घडीत दिलंय, हे विशेष आवडलं. प्लॅस्टिकला ते असं चिकटतं की झटकूनही निघत नाही.

माहितीपत्रकात मात्र गडबड आहे. उगवण्याआधी या बियांना ओलसर थंडी लागते, पण ‘ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा’ हा सल्ला मोठ्या बियांना ठीक. इथे बी धाग्यांत अडकतं आणि सोडवताना कोवळं मूळ तुटतं. त्याऐवजी चमचाभर बारीक, धुतलेली वाळू ओली करा. मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये, नाहीतर बुरशी ठरलेली. त्यात बी मिसळून पिशवी साधारण ४ अंश सेल्सिअसला ६ ते ८ आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नको. चौथ्या आठवड्यापासून अधूनमधून बघत जा. काही बिया थंडीतच मोड काढतात. नंतर वाळूसकट सगळं मातीवर पसरून हलकं दाबायचं. वरून माती अजिबात घालायची नाही, या बियांना उजेड लागतो. झारीच्या धारेने बी वाहून जातं, म्हणून पाणी कुंडीच्या खालून द्या.

खरी चूक पुढे आहे. हे झाड अर्धपरजीवी आहे, म्हणजे स्वतः हिरवं असूनही शेजारच्या ‘यजमान’ झाडाच्या मुळांतून पाणी आणि पोषण ओढतं (ज्वारीवरचा टारफुला याच कुळातला), आणि पत्रकात यजमान झाडाचा उल्लेखच नाही! रोप यजमानाशिवाय उगवतं, हिरवंही दिसतं, पण लवकरच खुरटतं. लोक मग बियाण्याला दोष देतात. लिटल ब्लूस्टेम किंवा साइडओट्स ग्रामा या गवताची रोपं त्याच खोल कुंडीत आधीच रुजलेली हवीत. गवत ७-८ सेंटिमीटरवर कापत राहा, नाहीतर सावलीत पेंटब्रश गुदमरतो. खत टाळा, जोर धरतं ते गवतच. जमिनीत लावताना मातीचा गोळा फोडू नका, कारण गवताच्या मुळांशी झालेली जोडणी तुटली की रोप गेलंच.

बागेत आधीच असं गवत असेल तर हा फ्रिजचा खटाटोप कशाला? शरदाच्या शेवटी गवत जमिनीलगत कापा, दाताळ्याने माती उघडी करा, वाळूत मिसळलेलं बी फेकून पायाने दाबा. बाकीचं काम हिवाळा करतो.

पाकिटावरचं लालभडक चित्र पाहून पहिल्याच वर्षी फुलांची वाट बघू नका. तो लाल रंग सहपत्रांचा, म्हणजे फुलालगतच्या पानांचा असतो, खरं फूल आत लपलेली पिवळट-हिरवी नळी. पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानांचं चक्र, दुसऱ्या वसंतात तुरा, मग बी धरून झाड मरतं. म्हणून लागोपाठ दोन वर्षं पेरा, म्हणजे दरवर्षी फुलं दिसतील. दुसरं पाकीट आत्ताच घेऊन ठेवू नका. पुढच्या शरदात, त्या वर्षीच्या ताज्या बियाण्याचं घ्या.