रिंग ऑफ फायर : आधी रस्ता की आधी रेल्वे?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, थंडर बेपासून सुमारे 500 किलोमीटर ईशान्येला, 'रिंग ऑफ फायर' हा खनिजपट्टा आहे. 2007च्या सुमारास तिथे निकेल आणि क्रोमाइटचे (क्रोमियम धातूच्या खनिजाचे) मोठे साठे हाती लागले, पण बारमाही रस्ता किंवा रेल्वे अजून पोहोचलेली नाही. हिवाळ्यात दलदल गोठली की तिच्यावरून तात्पुरता रस्ता काढतात, एरवी सगळी मदार विमानावर. रस्ता की रेल्वे, हा वाद बहुतेक वेळा बांधकामखर्चापाशीच अडकतो. त्याआधी विचारायला हवं की बाहेर काढायचं आहे काय.

निकेल असेल तर रस्ता पुरतो. ईगल्स नेस्ट साठ्याच्या 2012च्या आराखड्यात रोज 3,000 टन खनिज उपसायचं होतं, पण खाणीवरच प्रक्रिया झाल्यावर बाहेर जाणारा माल त्याचा छोटा हिस्सा उरतो. तेवढा ट्रकना झेपतो. क्रोमाइटचं उलट आहे. माल अवजड, टनामागे मिळकत कमी, आणि वर्षानुवर्षं अखंड वाहतूक. तिथे प्रत्येक टनाचं भाडं नफा खातं आणि रेल्वे स्वस्त पडू लागते. अर्थात खाण पूर्ण क्षमतेने चालली तरच. डबे रिकामे धावोत की भरलेले, रुळांवरच्या कर्जाचं व्याज थांबत नाही.

रस्त्याचा दुसरा फायदा म्हणजे तो तुकड्यातुकड्याने उपयोगी पडतो. सध्या तीन जोड प्रकल्पांची आखणी आहे: मार्टन फॉल्स वस्तीपर्यंतचा रस्ता, वेबिक्वे वस्तीचा 107 किलोमीटरचा पुरवठा रस्ता आणि या दोघांना जोडणारा दुवा. पहिला झाला तरी मार्टन फॉल्सचा लाभ सुरू होतो. रेल्वे शेवटचा पूल होईपर्यंत कुणाच्याच कामाची नाही.

खरी अडचण मात्र जमिनीची आहे. हडसन उपसागराच्या या सखल प्रदेशात मैलोन्‌मैल पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल आहे. अशा जमिनीवर भराव असमान खचतो. रस्ता खचला तर वर खडी टाकून वेळ निभावते. रुळांची पातळी बिघडली की गाडीचा वेग उतरवावा लागतो किंवा ती थांबवावीच लागते. भराव कुठलाही असो, मोऱ्या पुरेशा नसतील तर एका बाजूला पाणी तुंबतं, दुसरीकडे पीट सुकून त्यात साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो.

कोरडी जागा म्हणजे हिमनद्यांनी मागे ठेवलेले वाळू-खडीचे लांब उंचवटे. केडब्ल्यूजी कंपनीने दक्षिणेकडच्या मुख्य रेल्वेमार्गापर्यंत, सुमारे 330 किलोमीटरच्या रेल्वेसाठी, अशाच उंचवट्यावर खाणदावे (जमिनीतल्या खनिजावरचे नोंदवलेले हक्क) लावून ठेवले होते. क्रोमाइट काढू पाहणाऱ्या क्लिफ्स कंपनीला तिथूनच रस्ता हवा होता. 2013 मध्ये खाण लवादाने क्लिफ्सची मागणी फेटाळली, त्याच वर्षी क्लिफ्सने काम थांबवलं. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, पण तोवर फार उशीर झाला होता. सगळ्या वादातला हा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो: पैसा असूनही घोडं अडलं ते एका चिंचोळ्या कोरड्या पट्ट्यावर.

माणसांच्या बाजूने पाहिलं तर रस्त्याने किराणा आणि इंधन स्वस्त होतं, तसेच बाहेरचे शिकारी आणि अमली पदार्थही येतात. म्हणून मार्टन फॉल्स आणि वेबिक्वे स्वतः रस्त्यांचे प्रस्तावक असले, तरी सगळ्याच फर्स्ट नेशन (कॅनडातल्या मूलनिवासींच्या) वस्त्या राजी नाहीत. नेस्कांटागाचा विरोध जुना आहे; तिथे 1995 पासून पाणी उकळून प्यावं लागतं, मग आधी रस्ता कशासाठी, हा त्यांचा सवाल चुकीचा म्हणता येत नाही. रेल्वेत कोण येतं-जातं यावर ताबा ठेवता येतो, आणि ती लोकांच्या उपयोगाची नसते असंही नाही. याच प्रांतातल्या मूसनीला 1932 पासून रेल्वे आहे, दक्षिणेला जोडणारा बारमाही रस्ता आजही नाही. क्वेबेकमधल्या शेफरव्हिलची लोहखाण 1982 मध्ये बंद पडली, तरी तिथली रेल्वे टिकली. 2005 पासून तिचा उत्तरेकडचा भाग तीन फर्स्ट नेशन समुदायांच्या त्शुएटिन कंपनीकडे आहे.

त्यामुळे माझा कौल असा: निकेल आधी निघणार असेल तर आधी रस्ता, पण उंचवट्यावर पुढे रूळ बसतील इतकी रुंदी पहिल्याच आखणीत राखून. खडीही राखायला हवी. त्या दलदलीत ती याच उंचवट्यांतून मिळते, आणि रस्त्यासाठी तीच पोखरली तर रुळांखाली घालायला ती लांबून आणावी लागेल. क्रोमाइटच्या खरेदीचे दीर्घ मुदतीचे करार हातात आल्याशिवाय रेल्वेचं कर्ज काढू नये.