पेटंट एजंट की एलएलबी?

बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालंय आणि बौद्धिक संपदा कायद्यात शिरायचंय, तर समोर दोन वाटा दिसतात.

पहिली, पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याची परीक्षा. वय 21 पूर्ण, भारतीय नागरिकत्व आणि विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी एवढं पुरतं. वकिली लागत नाही. पहिला पेपर पेटंट कायदा 1970 आणि नियमांवर, दुसरा पेटंटचा मसुदा लिहिण्यावर, मग तोंडी. खरी कसोटी दुसऱ्यात. ‘क्लेम’, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागतोय ते सांगणारी वाक्यं लिहिताना एक शब्द जास्त पडला तर संरक्षण आकसतं, कमी पडला तर अर्जच अडकतो. कायदा पाठ असलेले इथेच गडबडतात. शिवाय ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून नोकरी सोडून तिची वाट बघत बसू नका. पास झालात तरी काम पेटंट कार्यालयापुरतंच. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे.

एलएलबीला पदवीनंतर 3 वर्षं, आधी सीईटी, नंतर बार परीक्षा. अभ्यासक्रमात बौद्धिक संपदेचा वाटा तसा लहानच, बाकी करार, फौजदारी वगैरे पचवावं लागतं. पण कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात चालवता येतो, ट्रेडमार्कचे अर्जही वेगळी परीक्षा न देता भरता येतात. 2021 मध्ये बौद्धिक संपदेचं अपिलीय मंडळ बंद झाल्यापासून पेटंट, ट्रेडमार्कची अपिलं उच्च न्यायालयात जातात, तिथे वकीलच हवा.

प्रयोगशाळेची भाषा आवडत असेल तर मी आधी परीक्षाच सुचवेन. गाणी, पुस्तकं, ब्रँड यांत रस असेल तर मात्र थेट एलएलबी.