चवड्यावर चालणारं मूल: थांबायचं, व्यायाम घ्यायचे की प्लास्टर?

आमची लेक चालायला लागली तीच टाचा उचलून. घरातले म्हणाले होईल नीट, नेटवर वाचलं तर झोप उडाली. तेव्हा जे पर्याय समोर आले ते इथे शेजारी शेजारी मांडतेय.

आधी एक गोष्ट. मूल दिवसातनं किती वेळा चवड्यावर चालतं हे मोजत बसू नका, त्याला सांगितल्यावर टाच जमिनीला टेकवता येते का ते बघा. उकिडवं बसून खेळताना टाचा खाली राहतात का? गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच नडगीकडे वळवलं तर काटकोनाच्या पुढे सहज जातं का? जात असेल तर ती बहुतेक सवय असते आणि हातात वेळ आहे. अडत असेल तर पोटरी आखडायला लागलीय, आणि मग नुसतं थांबणं महागात पडतं.

थांबणं: मूल दोन-तीन वर्षांच्या आतलं, टाच टेकते, पळतं, चढतं, बोलणंही वयाप्रमाणे, तर हाच पर्याय बरा. बऱ्याच मुलांचं आपोआप सुटतं. काही घरांत ते आईबाबांकडूनच आलेलं असतं, आजीला विचारा, मजेशीर उत्तर मिळेल. पण थांबणं म्हणजे विसरणं नाही, दर दोन-तीन महिन्यांनी घोटा तपासत राहायचं. वॉकर असेल तर बंद करा, त्यात मूल चवड्यानेच जमीन ढकलतं. आणि "टाच टेकव, टाच टेकव" हे दिवसभर म्हणू नका, मी म्हणून पाहिलंय, पोर चिडतं आणि जास्तच करतं.

व्यायाम: तीन वर्षांनंतरही चालूच आहे किंवा घोटा थोडा कडक वाटतोय, तर फिजिओला दाखवा. पोटरीचं स्ट्रेचिंग हळू, दुखेपर्यंत नाही, आणि रोज. खरी गंमत खेळात आहे, टाचांवर पेंग्विनसारखं चालणं, उकिडवं बसून ठोकळे रचणं, चढावर चालणं, मुलाला कळतही नाही की व्यायाम चाललाय. खर्च कमी, पण चिकाटी आपली लागते, दोन आठवडे करून सोडलं तर काही होत नाही.

स्प्लिंट किंवा प्लास्टर: पोटरी खरंच आखडली असेल तेव्हा. स्प्लिंट म्हणजे पाऊल धरून ठेवणारा पट्ट्यांचा साचा, तो काढता येतो, म्हणून मूल आणि आपण दोघंही चुकवतो. प्लास्टर चुकवता येत नाही, काही आठवडे दर आठ-पंधरा दिवसांनी बदलत पाऊल थोडं थोडं वर आणतात. आंघोळीचे हाल होतात आणि नंतर व्यायाम सोडले तर सवय परत येऊ शकते. बोटॉक्सबद्दल (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) मी फार उत्साही नाही, सवयीने चवड्यावर चालणाऱ्या मुलांत एका अभ्यासात प्लास्टरला त्याची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नव्हता.

ऑपरेशन: टाचेमागची जाड शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायूबंध (रक्तवाहिनी नव्हे), लांब करतात. हे साधारण मोठ्या मुलांत आणि बाकी उपाय करूनही टाच टेकत नसेल तरच. यात घाई करणाऱ्या डॉक्टरकडून निघून दुसरं मत घ्या, खुशाल.

आता वरचं सगळं बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे कधी जायचं? एकाच पायाने चवड्यावर चालत असेल, आधी नीट चालणारं मूल अचानक असं चालायला लागलं असेल, पाय ताठ वाटत असतील, सारखं पडत असेल, शी-शूवरचा ताबा गेला असेल, किंवा जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवत टेकवत उठत असेल. शेवटच्या बाबतीत, विशेषतः मुलगा असून पोटऱ्या फुगीर दिसत असतील तर, स्नायूंचा आजार तपासतात. बोलणं उशिरा, नजरेला नजर नाही, असंही सोबत असेल तर ऑटिझमची तपासणी करून घ्या, पण नुसतं चवड्यावर चालणं म्हणजे ऑटिझम नव्हे हो.

जाताना मोबाईलवर व्हिडिओ घेऊन जा, अनवाणी, बाजूने, मुलाचं लक्ष नसताना. आमची बया डॉक्टरांसमोर एकदम सैनिकासारखी टाचा टेकवून चालली होती.