ऑक्टेव्हिया व्हीआरएसवर स्वस्त इनटेक: पुण्याच्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये काही महिने वापरल्यावर

गाडी स्कोडाची ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३०. दोन लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल), २३० पीएस ताकद, ३५० एनएम टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक). ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कंपनीचाच, रीमॅप नाही, म्हणजे त्यातला मॅप (सॉफ्टवेअर) बदललेला नाही. याच गाडीवर इनटेकचे, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या भागाचे, तीन प्रकार आलटून पालटून वापरले: मूळ एअरबॉक्समध्ये नवा कागदी फिल्टर (दीड-दोन हजार), त्याच बॉक्समध्ये तेल लावलेला कापसाच्या जाळीचा पॅनल फिल्टर (साधारण सहा-सात हजार), आणि नाना पेठेत सहज मिळणारा अॅल्युमिनियम पाइप आणि उघडा कोन फिल्टर (साडेतीन हजाराच्या आसपास). घाईत असाल तर एवढंच वाचा: मूळ मॅपवर कोनने आवाज मिळतो, ताकद मिळत नाही. आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उलट थोडी जाते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनाचा ईसीयू आधी टॉर्क किती हवा ते ठरवतो, त्यावरून बूस्टचं (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचं) लक्ष्य काढतो आणि वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) उघडून-मिटून ते गाठतो. फिल्टरचा अडथळा कमी झाला तर टर्बोला तेच लक्ष्य थोडं सोपं जातं, पण लक्ष्य तेच राहतं. म्हणजे चाकावर येणारा आकडाही जवळपास तोच. बचत होते ती टर्बोच्या कष्टाची, आणि ती आपल्याला सीटवर बसून कळत नाही.

हा अडथळा किती असतो ते मोजता येतं आणि त्याला महागडं काही लागत नाही. ६ मिमीची पारदर्शक नळी घ्यायची, यू आकारात पट्टीवर बांधायची, अर्धी रंगीत पाण्याने भरायची. एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपला, दुसरं हवेत उघडं. पाइपकडच्या टोकाला मध्ये एक छोटी रिकामी बाटली जोडाच, नाहीतर फुल थ्रॉटलला पाणी थेट इंजिनाकडे ओढलं जाईल. नळीचा प्रत्येक पाय निदान ६० सेंमी हवा. डायनोवर (चाकांची ताकद मोजणाऱ्या रोलरवर), बोनेट मिटून, समोर मोठा पंखा लावून पाहिलं तर नव्या कागदी फिल्टरला दोन्ही पायांतल्या पाण्यात वीस-बावीस सेंटीमीटरचा फरक आला. कापसाच्या पॅनलने तो दोन-तीन सेंटीमीटरने उतरला. उघड्या कोनला पाच-सहाच राहिला. चाकणच्या रस्त्यावर रोज फिरून बुजलेला जुना कागदी फिल्टर तिशीच्या पुढे गेला.

आता हे आकडे ताकदीत बसवून पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास. पाण्याचे वीस सेंटीमीटर म्हणजे सुमारे दोन किलोपास्कल, म्हणजे दोन टक्के. अख्खा फिल्टर काढून टाकला तरी एवढंच हाती लागेल. तेही टर्बोआधी, जिथे ईसीयू ते भरून काढतोच आहे.

उलट्या बाजूला तापमान आहे, आणि खरा तोटा तिथेच होतो. मूळ एअरबॉक्स बंद असतो आणि त्याचं स्नॉर्कल (हवा घेणारी नळी) पुढच्या ग्रिलमागून बाहेरची हवा घेतं. उघडा कोन रेडिएटर आणि टर्बोच्या शेजारची हवा ओढतो. फिल्टरच्या तोंडाशी डिजिटल थर्मामीटरचा प्रोब बांधून हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत पाहिलं, तेव्हा बाहेर ३५ अंश असताना कोनपाशी साठ दिसले. मूळ बॉक्समध्ये चाळिशीच्या आसपास. गाडी मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की कोनचाही आकडा उतरतो, पण बोनेटखालचं सगळं तापलेलं असल्याने सावकाश उतरतो. सिग्नल सुटला आणि लगेच अॅक्सिलरेटर दाबला, त्या क्षणी तो साठच्या जवळच असतो. पिकअप हवा असतो तो नेमका तेव्हाच.

टर्बोमध्ये हा फरक वाढून बाहेर पडतो. दाब २.२ पट होतो आणि कंप्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं, तर ३५ अंशाची हवा बाहेर पडताना साधारण १४५ अंशांची होते आणि ६० अंशाची १८० ची. आत २५ अंशांचा फरक, बाहेर ३४ च्या घरात. तो सगळा इंटरकूलरवर (टर्बोनंतर हवा थंड करणाऱ्या जाळीवर) पडतो. इंटरकूलर गरम झाला की नॉकिंगपासून (मिश्रण अवेळी भडकण्यापासून) वाचायला ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो), आणि गाडी ‘आज जरा जड वाटतेय’ असं आपण म्हणतो.

एक सावधगिरी: ब्लूटूथच्या ओबीडी अॅडॉप्टरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या प्लगवर) इनटेक तापमान म्हणून जो आकडा येतो तो बऱ्याच टर्बो गाड्यांत इंटरकूलरनंतरचा असतो. कोन लावूनही तो फारसा हलला नाही म्हणून लोक खूश होतात. फिल्टरपाशी वेगळा प्रोब लावल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही.

असं इनटेक लावून मायलेज वाढतं या दाव्याला मी काडीचीही किंमत देत नाही. पेट्रोल गाडीत हळू चालवताना हवा अडवायचं काम थ्रॉटलच करत असतो. फिल्टरने अडथळा कमी केला तर थ्रॉटल तेवढा कमी उघडतो, बस. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली हेच तपासलं होतं. बुजलेला फिल्टर बदलून आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं मायलेज सुधारलं नाही, मात्र अॅक्सिलरेशन सुधारलं. वाक्याचा दुसरा भाग लक्षात ठेवा. घाण फिल्टर बदलणं हाच सगळ्यात स्वस्त आणि खरा ‘अपग्रेड’ आहे.

आता धूळ. कात्रज-कोंढवा रस्ता, मेट्रोची कामं, चाकणची डंपरची रहदारी, हे रोजचं असेल तर इथे तडजोड नको. पूर्ण जोरात २३० पीएसचं इंजिन सेकंदाला साधारण १६० लिटर हवा ओढतं. त्यातला कण कंप्रेसरच्या पात्यांवर आणि पुढे सिलिंडरच्या भिंतींवर जातो. फिल्टर तपासायची पद्धत सोपी आहे: फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये पांढरं सुती फडकं बोटाभोवती गुंडाळून फिरवा. कागदी फिल्टरवर ते जवळजवळ कोरं आलं. स्वस्त कोन काही आठवडे वापरल्यावर फडक्यावर तपकिरी पट्टा उमटला आणि बोटांत चोळला तर कचकच लागली. तोच कोन अंधारात टॉर्चसमोर धरला तर जाळीतून ठिपके-ठिपके उजेड दिसत होता. एवढा पुरावा मला पुरेसा आहे. कापसाच्या चांगल्या पॅनलला फडकं किंचित मळलं, कचकच नव्हती. पण तो धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, मोजकंच तेल लावावं लागतं. गॅरेजमधल्या काँप्रेसरची हवा मारलीत तर जाळी फाटते. तेल जास्त झालं तर ते पुढे उडतं, आणि मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत त्याच्या तारेवर थर बसतो.

मॅफचा विषय निघालाच आहे तर किटच्या पाइपचा व्यास मोजल्याशिवाय काही कापू नका. मॅफ मूळ ७० मिमीच्या नळीसाठी बेतलेला असेल आणि किट ७६ चं असेल, तर क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं. सेन्सरसमोरून हवा तेवढी संथ जाते, ईसीयूला ती कमी वाटते आणि मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं). फ्युएल ट्रिम (ते भरून काढायला ईसीयूने वाढवलेलं पेट्रोल) चढत जातो आणि शेवटी पी०१७१ हा लीन मिश्रणाचा दोष-कोड येतो. फिल्टरनंतर लगेच पाइपमध्ये प्लग असलेला सेन्सर दिसला तर तुमच्या गाडीत मॅफ आहे.

स्वस्त किटमध्ये बिघडणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत. कोनचा रबरी गळा उष्णतेने कडक होतो आणि क्लिपखाली चिरतो. क्लिपच्या कडा धारदार असतील तर सिलिकॉन होजमध्ये रुततात. आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिप वेगळ्या घ्या, शंभर-दोनशे रुपयांचा फरक आहे. घडीचा पातळ लवचिक पाइप असेल तर तो सरळ परत करा, फुल थ्रॉटलला तो आत चपटतो. आणि इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली तेलकट वाफ बाहेर काढणारी नळी. मूळ पाइपला तो जोडलेला असतो, स्वस्त किटमध्ये त्यासाठी नीट तोंडच नसतं. दुकानदार त्याला छोटा फिल्टर लावून हवेत सोडून देतो. मग बोनेटखाली तेलाचा चिकट थर बसतो आणि एसी व्हेंटमधून वास येतो. ब्रीदरसाठी मापाचं निपल (जोडायचं तोंड) नसलेलं किट घेऊ नका.

जोडणी झाल्यावर गळती बघायची असेल तर साबणाचं पाणी उपयोगाचं नाही, कारण या भागात हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते. थंड इंजिन सुरू करून, रेडिएटरचा पंखा सुरू व्हायच्या आत, पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करून प्रत्येक जोडाभोवती अगरबत्ती फिरवा. धूर जिथे वळून आत जातो तिथे क्लिप ढिली आहे.

आवाजासाठीच कोन हवा असेल (टर्बोची शिट्टी आणि पाय काढल्यावरचा फुस्कारा मला मनापासून आवडतो, आणि त्यासाठी पैसे घालणं गैर नाही), तर निदान तो झाकून घ्या. १ मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तीन बाजूंचा कप्पा, वरच्या कडेला बोनेटशी टेकणारी दाराची रबर पट्टी, आणि मूळ स्नॉर्कलचं तोंड त्या कप्प्यात सोडलेलं. असं केल्यावर कोनपाशी ट्रॅफिकमधलं तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. आवाज थोडा दबतो. फिल्टर खाली बंपरमध्ये नेऊ नका. पावसाळ्यात भुयारी मार्गात किंवा ताम्हिणीच्या ओढ्यात पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचं अॅड-ऑन नसेल तर विम्यातून सहसा काही मिळत नाही.

स्टेज १ रीमॅप (फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून तीनशे पीएसच्या आसपास जायचं ठरलं असेल तर हिशोब बदलतो. मग टर्बो त्याच्या मर्यादेजवळ फिरतो, हवेची गरज तीस टक्क्यांनी वाढते, अडथळा त्याहून वेगाने वाढतो, आणि तिथे बंद बॉक्सचं चांगलं इनटेक व टर्बोच्या तोंडाचा मोठा एल्बो (वळणाचा पाइप) यांना अर्थ येतो. पण ती साडेतीन हजाराची वस्तू नव्हे. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ बॉक्स, त्याचे स्क्रू आणि रबरी बुश एका पिशवीत जपून ठेवा. बुश वेगळे शोधताना फार त्रास होतो.

सध्या गाडीत कागदी फिल्टर आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर तो बदलतो, आणि पावसाआधी एअरबॉक्सच्या तळाचं पाणी जायचं छिद्र तारेने मोकळं करतो.