पिच-ट्रॅकिंगचा डेटा: सॅव्हंट, फॅनग्राफ्स की स्वतःची सीएसव्ही?

अमेरिकी बेसबॉलच्या मेजर लीगमधला एखादा पिचर (चेंडू टाकणारा) अचानक सुधारला किंवा ढेपाळला, की त्याचं कारण शोधायला तीन वाटा आहेत: लीगची बेसबॉल सॅव्हंट ही साइट, फॅनग्राफ्स ही आकडेवारीची साइट, नाहीतर कच्चा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्यात) उतरवून घेऊन स्वतः कोड लिहिणं. तिन्हींकडचे आजचे आकडे मैदानातल्या एकाच यंत्रणेतून येतात, त्यामुळे 'कोणाचा डेटा खरा' या वादात पडू नका. तुम्हाला विचारायचंय काय, त्यावर निवड ठरते.

पिचर गेरिट कोल घ्या. 2017 मध्ये पिट्सबर्गकडून 203 इनिंग, 196 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा; कमी तितका चांगला) 4.26. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनकडून जवळपास तेवढ्याच इनिंगमध्ये 276 स्ट्राइकआउट आणि ईआरए 2.88. सॅव्हंटवर त्याच्या पानावर जाऊन कोणती पिच (म्हणजे चेंडूफेक) किती वेळा टाकली याचा वर्षवार आलेख उघडला, की उत्तराचा मोठा भाग समोर येतो: सिंकरची (खाली झुकत जाणाऱ्या फास्टबॉलची) रेघ खाली घसरलेली दिसते. ह्यूस्टनमध्ये त्याने सिंकर जवळपास सोडून दिला आणि सरळ जाणारा फोर-सीम फास्टबॉल व वळणारे ब्रेकिंग बॉल यांवर भर दिला. त्याच पानावर प्रत्येक पिचवर बॅटर किती वेळा हुकले, चेंडू किती वळला, स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवरच्या वैध चौकटीत) कुठे पडला, सगळं चित्रात मिळतं, तेही फुकट. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. पर्सेंटाइलच्या लाल-निळ्या पट्ट्यांवर मात्र फार भाळू नये. लाल पट्टी तो खेळाडू लीगमध्ये कुठे बसतो ते सांगते, तिथवर कसा पोचला ते सांगत नाही.

'हा पिचर त्या पिचरपेक्षा सरस आहे का?' असा प्रश्न असेल तर मी फॅनग्राफ्स उघडतो. तिथलं स्टफ प्लस वेग, वळण, स्पिन (चेंडूची गिरकी), चेंडू सुटण्याची जागा अशा गोष्टींवरून पिचचा दर्जा ठरवतं. त्या पिचवर होमरन बसला की बॅटर बाद झाला, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. 100 म्हणजे सरासरी. लोकेशन प्लस चेंडू कुठे टाकला ते तपासतं. हंगामाच्या पहिल्या महिन्यात, ईआरए नशिबावर हेलकावे खात असताना, हे दोन आकडे जास्त उपयोगी पडतात. पण शेवटी ती मॉडेलं आहेत. चेंडू लपवण्याची हातोटी किंवा पिचचा क्रम त्यांत नीटसा उतरत नाही.

कुठलीही वाट धरा, एक खड्डा सगळ्यांच्याच आड येतो. 2008 ते 2016 ची पिच-ट्रॅकिंग पिचएफएक्सच्या कॅमेऱ्यांची. 2017 पासून ट्रॅकमॅनचं रडार आलं आणि 2020 पासून हॉक-आयचे कॅमेरे. पिचएफएक्स वेग सांगायचं तो होम प्लेटपासून (बॅटर उभा असतो तिथून) 50 फुटांवरचा. ट्रॅकमॅन हातातून सुटतानाचा सांगू लागलं. चेंडू हवेत मंदावतो, म्हणून 2017 मध्ये पिचरांचा जोर न वाढताही आकडे चढले. सॅव्हंटने जुने वेग अंदाजाने जुळवून दिलेत, पण 'अंदाजाने' हा शब्द विसरू नका. कोलची 2017-2018 ची तुलना चोख आहे, कारण दोन्ही वर्षं ट्रॅकमॅनची. 2015 चे आकडे मध्ये आणले, की लगेच जपून. स्पिनचं प्रकरण वेगळंच: जून 2021 मध्ये चेंडूला चिकट पदार्थ लावण्याविरुद्ध कारवाई कडक झाली आणि कित्येकांचा स्पिन घसरला. तो उतार पाहून 'खांदा दुखतोय वाटतं' असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

सीएसव्हीची वाट मी फार कमी लोकांना सुचवेन. सॅव्हंटच्या सर्चमध्येच काउंट (किती बॉल, किती स्ट्राइक), झोन, डावखुरा-उजवा असे भरपूर फिल्टर आहेत. दोन स्ट्राइकनंतर खाली पडणाऱ्या स्लायडरला (वेगाने वळणाऱ्या पिचला) एखादा बॅटर किती फसतो, एवढ्यासाठी कोड लागत नाही. पण 'उंच फास्टबॉलनंतर लगेच आलेला कर्व्हबॉल (मोठ्या वळणाची संथ पिच) जास्त चालतो का?' यासाठी पिचेस क्रमाने जोडाव्या लागतात, आणि तिथे पायथन भाषेतलं पायबेसबॉल किंवा आर भाषेतलं बेसबॉलआर हे तयार पॅकेज हाताशी हवं. उतरवलेल्या फाइलमध्ये वळण फुटांत असतं, साइटवर इंचांत; 12 ने गुणायला विसरलात तर प्रत्येक कर्व्हबॉल सरळ रेषेत जाताना दिसेल. आडवी जागा प्लेटमागे बसणाऱ्या कॅचरच्या नजरेतून मोजलेली असते, म्हणजे उजव्या बॅटरच्या अंगावर येणारी पिच ऋण आकड्यात दिसते. हे उलटं धरलं तर अख्खं विश्लेषण आरशात गेलं म्हणून समजा.

अभ्यास बॅटरचा असेल तर एवढा विचार नको, सॅव्हंटच उघडा. बॅटचा वेग आणि स्विंगची लांबी 2024 मध्ये तिथे खुली झाली, आणि कोणत्या पिचवर बॅट उशिरा येते हे त्यावरून बरंच कळतं.