हनिमूनला व्हेनिस: मुक्काम बेटावर की मेस्त्रेत?

व्हेनिसचं ठरलं की नव्या जोडप्यांचं घोडं बहुधा एकाच ठिकाणी अडतं: हॉटेल जुन्या शहराच्या बेटावर घ्यायचं की पुलाअलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत? दरातला फरक तर डोळ्यांत भरण्यासारखा असतो. आम्ही आधी मेस्त्रेत राहिलो आणि उरलेल्या रात्री बेटावर, कान्नारेज्यो भागात काढल्या. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडंफार बोलू शकतो.

मेस्त्रेला नावं ठेवणार नाही. तेवढ्याच पैशांत खोली ऐसपैस मिळते, लिफ्ट असते, बॅगा सपाट रस्त्यावरून ओढत नेता येतात. रेल्वेने बेटावरचं सांता लुचिया स्टेशन दहा-बारा मिनिटांवर, शिवाय ट्रामही आहे. मेस्त्रेत बांगलादेशी वस्ती मोठी, त्यामुळे डाळ-तांदूळ, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. पिझ्झा नको झालेल्या शाकाहारी माणसाला याची किंमत विचारा! बेटावरच्या बाकारोंत, म्हणजे छोट्या वाइन बारांत, उभ्याने खायचे चिकेत्ती (पावाच्या तुकड्यांवरचे छोटे खाऊ) झकास असतात, पण बऱ्याच तुकड्यांवर मासा असतो. गर्दीच्या ठरावीक दिवशी बेटावर जायला लागणारं प्रवेशशुल्कही मेस्त्रेत मुक्काम असेल तर माफ, कारण महापालिका एकच. (पोर्टलवर नोंद तेवढी करून ठेवा.)

मग घोडं पेंड कुठे खातं? दुपारी.

मेस्त्रेत राहिलं की सकाळी निघतानाच रात्रीपर्यंतचा संसार पाठीवर घ्यावा लागतो. शाल, छत्री, पाण्याची बाटली, शिवाय रात्रीच्या जेवणासाठी बायकोचे बरे बूट. अडीचच्या सुमारास पाय बोलायला लागतात आणि फुकट बसायला जागा सापडत नाही. सान मार्को चौकात पायऱ्यांवर बसलात तर दंड. तिथल्याच कॅफेत खुर्ची धरली आणि वाद्यवृंद वाजत असला, तर कॉफीबरोबर संगीताचेही पैसे बिलात. स्वच्छतागृहालाही पैसे मोजा. खोलीवर जाऊन तासभर आडवं व्हावं म्हटलं तर एक नंबरचा वापोरेत्तो (इथली बोट-बस) ग्रँड कॅनॉलवरून प्रत्येक धक्क्याला थांबत रमतगमत स्टेशनला पोचवणार, पुढे गाडी, पुढे चाल, आणि परत तेच सगळं उलट. हनिमूनला आलेली दोन माणसं मधे पिशवी ठेवून सांता लुचियाच्या पायऱ्यांवर पेंगतायत, हे दृश्य आमचंच होतं. भरतीच्या दिवसांत तर आणखी पंचाईत. मोझे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे २०२० पासून मोठी भरती अडवतात, पण ते साधारण ११० सेंटिमीटर भरतीच्या अंदाजाला उचलतात. सान मार्को चौक सखल, तिथे त्याआधीच पाणी साचतं. बूट भिजले की दिवसभर तसेच.

कान्नारेज्योतली खोली, खरं सांगायचं तर, इवलीशी होती. सूटकेस उघडली की बाथरूमचं दार अडायचं. जिना अरुंद, आणि पहाटे खिडकीखालून कचऱ्याची बोट फटफटत जायची. पत्ता शोधणं हाही एक उद्योगच, कारण घरांचे नंबर गल्लीनुसार नसून अख्ख्या विभागाचे सलग असतात. पण दुपारी पडदे ओढून झोप काढायची, अंघोळ करायची आणि सहानंतर मोकळ्या हातांनी बाहेर पडायचं, हे सुख मेस्त्रेच्या मोठ्या खोलीत मिळालं नाही. तोवर दिवसापुरते आलेले लोक परतलेले असतात. मिझेरिकोर्दिया कालव्याच्या काठावर स्प्रिट्झचे ग्लास घेऊन गावातली मंडळी जमलेली असतात. आणि परतीची गाडी किती वाजता, हे कोणीच विचारत नाही.

बॅगा आणि पूल ही बेटाची खरी डोकेदुखी. त्यावर उपाय असा, की सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या रस्त्याला लागायचं आणि गुल्ये पुलाच्या अलीकडचं हॉटेल घ्यायचं. वाटेत एकही पूल लागत नाही. रस्ता मुखवटे-मॅग्नेटच्या दुकानांचा आहे खरा, पण आतल्या गल्लीतली खोली शांत असू शकते. शिवाय पायी फिरणं वाढलं की ७५ मिनिटांसाठी साडेनऊ युरोचं वापोरेत्तोचं तिकीट कमी वेळा काढावं लागतं. फरकातले थोडे पैसे तिथेच वसूल होतात.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. लहान मूल किंवा वडीलधारे बरोबर असते तर मीही कदाचित मेस्त्रेच म्हटलं असतं. दोघंच असाल आणि बजेट अगदीच ताणलेलं असेल, तर निदान शेवटच्या दोन रात्री बेटावर काढा. आपली लग्नसराई ऐन थंडीत येते ते पथ्यावरच पडतं: नाताळ-नववर्ष आणि कार्निव्हलचे दिवस वगळले तर हिवाळ्यात बेटावरचे दर बरेच उतरतात.