निसर्गाच्या फोटोचं पेंटिंग करायचं असेल तं जिम्प आणि जी-मिक घ्या

मोबाइलवर एका टचमध्ये फोटोचं पेंटिंग करून देणारे ॲप ढिगानं आहेत, २०१६ मध्ये प्रिझ्मा आलं तेव्हापासून तं लाटच आली, आणि चेहऱ्याच्या फोटोले ते चालूनही जातात. पण शेत, तळं, डोंगर, झाडी असा लांबवर पसरलेला फोटो असेल तर कॉम्प्युटरवरचं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर जिम्प आणि त्याले जोडायचा फिल्टरचा संच जी-मिक याले तोड नाही हे माझं पक्कं मत आहे. दोन्ही फुकट, तेही कायदेशीर. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आपला फोटो स्टुडिओ आहे, लग्न-बारसं चालूच असते, पण नवीन घर बांधलं की हॉलमध्ये आपल्याच भागातलं मोठं चित्र लावायचं म्हणणारे लोक आता वाढले, त्यामुळे हे काम सारखं हाताखाली असते.

ॲपची मुख्य अडचण अशी की ते पूर्ण फोटोले एकच माप लावते. जवळच्या धुऱ्यावरचं गवत आणि चार कोसावरचा डोंगर, दोघांनाही सारखाच ब्रश. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातले जुने रंगवलेले जंगलाचे पडदे ज्यांनी नीट पाह्यले त्यांना हे लगेच खटकेल, कारण पडदा रंगवणारा माणूस दूरचा डोंगर हलक्या हातानं काढते आणि समोरच्या सागाच्या पानाले जाड फटकारा देते. दूर-जवळ त्यातूनच दिसते. तेच गेलं की मग फोटो पेंटिंगही वाटत नाही आणि फोटोही राहत नाही.

जी-मिक हे फ्रान्समधल्या ग्रेक नावाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००८ पासून वाढवत आणलेलं आहे, त्यात पाचशेच्या वर फिल्टर आहेत. सगळे पाहत बसू नका, रात्र जाईल. मी कुवाहारा नावाचा वापरतो. जपानमध्ये १९७६ साली हृदयाच्या तपासणीतल्या चित्रांमधली खरखर काढायसाठी ही पद्धत काढली होती. प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूचे चार चौकोन ते पाहते, ज्या चौकोनात रंगाचा फरक सगळ्यात कमी त्याचा सरासरी रंग त्या ठिपक्याले देते. म्हणून कडा शाबूत राहते आणि आतली बारीक खरखर मिटून रंगाचा एक थर होते. यात रेडियस नावाचा आकडा आहे, म्हणजे ते चौकोन केवढे घ्यायचे ते, सगळा खेळ त्याचाच. आणि हा आकडा पिक्सेलमध्ये असते हे ध्यानात ठेवा, म्हणजे १००० पिक्सेलच्या फोटोवर जो ८ रेडियस सगळं सपाट करते तोच ४००० पिक्सेलच्या फोटोवर जेमतेम दिसते. यूट्यूबवर पाहून आकडे जसेच्या तसे टाकू नका म्हणतो ते यासाठीच.

आता नवेगाव बांधच्या तळ्याचा फोटो घ्या. मागं सात बहिणींचे डोंगर, मधात पाणी, समोर काठावरचं गवत आणि दगड. मी त्याच फोटोचे तीन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कॉपी करतो, सगळ्यात खालच्यावर रेडियस ३, मधल्यावर ६, वरच्यावर १२. मग वरच्या दोन्ही लेयरले मास्क लावून (मास्क पांढरा तिथं लेयर दिसते, काळा तिथं झाकते) खालून वर पांढऱ्यातून काळ्यात जाणारा ग्रेडियंट ओढतो, म्हणजे समोरचे दगड जाड फटकाऱ्यात येतात आणि डोंगराकडं जाता जाता ब्रश बारीक होत जाते. पाण्यासाठी जिम्पमधलाच ऑइलिफाय जास्त चांगला, तो आजूबाजूले जो रंग सगळ्यात जास्त वेळा आला तो उचलते, त्यामुळे लाटांवरची चमक तुकड्या-तुकड्यानं बसते आणि पाणी हलतं वाटते. मोकळ्या निळ्या आभाळाले काहीच लावू नका, ढग असतील तरच लावा.

फाल्गुनातल्या पळसाले मात्र जपा. फुलांचे गुच्छ कुवाहारात एवढे सुंदर होतात, केशरी रंगाचे भरीव ठिगळ आणि खाली काळ्या देठाचा टिपका, खरंच हातानं ठेवल्यासारखे. पण रेडियस वाढवला की बारीक डांगा म्हणजे फांद्या गायब, कारण चौकोनापेक्षा बारीक रेघ आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते. डांगांवर मास्क मारून मूळ फोटो थोडा दिसू द्या. याच कारणानं आभाळातून गेलेल्या विजेच्या तारा बऱ्याच वेळा आपोआप पुसल्या जातात, तो फायदाच.

धानाच्या रोवणीच्या दिवसातल्या बांध्या, हिरवे पऱ्हे म्हणजे रोपं आणि पाण्यात पडलेलं आभाळ, हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात छान होते. मे महिन्यातला दुपारचा फोटो आणला तं मी सरळ नाही म्हणतो, सावलीच नाही तं फिल्टर थर कशाचे पाडणार?

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटोही नको. तिथं फोटो दाबला जाते, जेपेगचे आठ-बाय-आठ पिक्सेलचे चौकोन उठतात आणि फिल्टर त्यालेच आकार समजून ठळक करते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मार्च २०२५ मध्ये आलेलं जिम्प ३.० घ्याच, त्यात ऑइलिफायसारखे जिम्पचे स्वतःचे फिल्टर लावल्यावरही नंतर आकडा बदलता येते. जी-मिकच्या फिल्टरले ते होत नाही, म्हणून मूळ लेयरची कॉपी ठेवूनच काम करा. शिकायले वेळ लागते हे खरं आहे, पहिले दोन-चार दिवस मेनूच सापडत नाही, आणि ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मोठ्या रेडियसले चांगलंच थांबावं लागते. घाईचं गिऱ्हाईक असेल तर हे काम घेऊ नका.

प्रिंटसाठी एक सांगतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असते, १८ इंचावर इंचाले २२० च्या आसपास पिक्सेल पडतात, साध्या फोटोले ३०० पाहिजे म्हणतात पण पेंटिंगमध्ये बारीक डिटेल नसतेच म्हणून हे आरामात पुरते. कॅनव्हास मात्र गडद हिरवा रंग पिऊन टाकते, मोहाची-सागाची झाडी स्क्रीनवर हिरवी दिसते आणि प्रिंटात काळी येते, तवा फाइल देण्याआधी सावलीचा भाग जिम्पमधल्या कर्व्ह्स या उजेड-अंधार बदलायच्या टूलमधून थोडा उजळ करा आणि पहिले वीतभर तुकडा छापून पाहा.